तोंडी परीक्षेची दुसरी खेप

बारकीने डावा हात टेबलाखाली घेतला आणि अंगठ्याने तर्जनीचं टोक दाबून पाहिलं. लाली नाही, फोड नाही, साधी चुणचुणसुद्धा नाही. देवा, पाणीच असू दे ते, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

समोर समिती बसली होती. मधोमध अध्यक्षबाई, त्यांच्या उजवीकडे बाहेरून बोलावलेले म्हातारे परीक्षक आणि टोकाला तिचे गाईड सर. पीएचडीच्या नियमात ही तोंडी परीक्षा दोनदाच देता येते. पहिल्या खेपेला बारकीची अशी बोबडी वळली होती की अध्यक्षबाईंनीच तिला पाणी पाजलं होतं. आज तसंच झालं तर गाशा गुंडाळायचा आणि घरी जायचं.

पण आज परीक्षेची भीती दुय्यम होती. खरी भीती त्या बोटाची होती.

सकाळी ऐन वेळी तिचा नमुना तडकला. त्यात केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या तारा होत्या, आणि त्यांचा फोटो दाखवल्याशिवाय समितीपुढे बसण्यात काही अर्थच नव्हता. नवीन नमुन्यातल्या तारा मोकळ्या करायला त्यांच्याभोवतीचा काचेसारखा थर काढावा लागतो, आणि त्याला एचएफ लागतं. काच खाणारं आम्ल ते! ते हाताळताना क्लीनरूममध्ये, त्या धूळबंद प्रयोगखोलीत, दुसरं माणूस हवंच, असा कडक नियम. आता सकाळी सकाळी दुसरं माणूस आणायचं कुठून? ती एकटीच आत गेली. काम फत्ते झालं, फोटो झकास आला. मग हातमोजा काढला, तर बोटाचं टोक ओलं.

घाम असेल. किंवा मोज्याला भोक असेल. तिने बोट कितीतरी वेळ नळाखाली धरलं. उताऱ्याचं मलम समोरच्याच पेटीत होतं, पण पेटीचं सील तोडलं की चौकशी होणार. चौकशी झाली की एकटी आत गेल्याचं उघड होणार आणि क्लीनरूमचा पास रद्द. पास नाही तर प्रयोग नाही, आणि प्रयोगाशिवाय पदवी कोण देतंय! तिने पेटीला हात लावला नाही.

परीक्षेच्या दारापर्यंत दादाचा फोन चालू होता. "अगं, टरकतेस काय एवढी? खाणार आहेत का तुला ते?"

"नाही रे."

"मग? जा, हाण!"

आणि गंमत बघा, आज तिचं तोंड चुरूचुरू चालत होतं. सगळी भीती टेबलाखाली अडकलेली, त्यामुळे वर जीभ मोकळी. एकामागून एक उत्तरं येत गेली. गाईड सर पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले.

"फोटो सुरेख आहे हो," म्हातारे परीक्षक म्हणाले. "कधीचा?"

"आजचाच, सर."

"एचएफ वापरलंस. सोबत कोण होतं?"

"मैत्रीण," बारकी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. "बोटावर पडलं तर काय होतं?"

"कातडीतून आत जातं, सर. पार हाडापर्यंत. हाडातलं कॅल्शियम खातं."

"आणि वरून?"

"वरून काही दिसत नाही." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "जास्त गेलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मग हृदय..."

"बरोबर." त्यांनी कागदावर खूण केली.

अध्यक्षबाई हसल्या. "नुसतं घडाघडा येतंय की आज! मागच्या वेळी काय झालं होतं गं तुला?"

"एकच विचारतो आणि सोडतो," परीक्षक म्हणाले. "आम्ल फिकं असेल तर पडल्या पडल्या दुखत नाही, म्हणून तर माणूस फसतो. मग दुखायला कधी लागतं?"

बारकीने टेबलाखाली तर्जनी मुठीत आवळली. उत्तर पुस्तकात होतं, साधं, एका ओळीचं. ते बोलली असती तर पास. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढून ठेवलंसुद्धा. गाईड सर पुढे झुकले. "अगं बोल ना. येतंय तुला."

तिचं कपाळ घामाने डबडबलं. ओठ दातांखाली गच्च धरले होते. परत बोबडी वळली बिचारीची, असंच तिघांनाही वाटलं. अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बारकीने डावा हात टेबलाखालून काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"आत्ता दुखायला लागलंय, सर," ती म्हणाली.