गाणं स्वच्छ करणारं मशीन

"हे बघा, हे गाणं तेवढं ठेवतं, बाकीचे सगळे आवाज काढून टाकतं," म्हणत दुकानदार बेहेऱ्यांनी नवं मशीन पुढे सरकवलं. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या कॅसेटी त्याच्या हार्ड डिस्कवर मावणार होत्या.

शैलाने पर्समधून नेमकी तीच कॅसेट काढली. आमचं नवीन लग्न झालेलं असताना मी घरात सगळ्यांना चिडीचूप बसवून, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून एक भावगीत टेप केलं होतं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आई ओरडली, "अगं शैला, दूध उतू चाललंय! लक्ष कुठाय तुझं?" पुढे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला बायकोची ती फजिती मी हौसेने ऐकवली. आई गेली, पण टेपमधली आई ओरडायची थांबली नाही.

"काढा हो ते एकदाचं," शैला म्हणाली.

बेहेऱ्यांनी मशीन चालू केलं. गाणं अगदी लख्ख वाजायला लागलं. पहिलं कडवं संपलं, सतार वाजली, दुसरं कडवं सुरू झालं. कुणीच ओरडलं नाही. शैलाचा हात मात्र गॅस बंद करायला जावा तसा काउंटरवर पुढे गेला आणि तिथेच थांबला.

"कसं वाटलं, वहिनी? एकदम स्वच्छ ना?" बेहेरे खुशीत होते.

"फारच," शैला म्हणाली. "आता सासूबाईंसकट गाणं राहील असं एखादं दाखवा."