झाकणाआडचा आकडा

"बाबा दिवसातून किती वेळा बोलावतात गं?" बाबांच्या घंटेच्या पेटीचे स्क्रू काढता काढता दादाने विचारलं.

"पाच-सहा वेळा," बहीण म्हणाली. ती बाबांची उशी सारखी करत होती.

दादाने झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. आत नखाएवढा पडदा होता. त्यावर आकडा होता, २१४.

"गेल्या रविवारी बॅटरी बदलताना मी हा शून्यावर आणला होता. आठवड्यात दोनशे चौदा वेळा बटण दाबलंय त्यांनी! आणि तू म्हणतेस पाच-सहा. बाकीच्या वेळी काय कानात बोळे घालून बसली होतीस?"

बाबांची वाचा जाऊन तीन वर्षं झाली होती. ते काठी आपटत आणि ती हातातलं टाकून धावे. दोन महिन्यांपूर्वी दादाने ही घंटा स्वतः बनवून आणली, तेव्हा कौतुकाने तिने शेजारणींनाही दाखवली होती. पेटी ती रोज पुसायची.

"शपथ घेऊन सांगते, दादा..."

"माणसं खोटं बोलतात, आकडे नाही. उद्याच बाबांना माझ्याकडे नेतो. त्यांचे कपडे भर."

तेवढ्यात बाबांनी उशाशी ठेवलेलं बटण मुठीत घेतलं आणि दाबलं. एकदाच. घंटाही एकदाच वाजली. पडद्यावर २१९ आलं.

दादा दचकला. त्याने स्वतः दाबून पाहिलं. २२३. मग कपाळावर हात मारून तो चक्क हसला.

"अगं, चूक माझीच! बटणाच्या आतली धातूची पट्टी टेकताना थरथरते. एकदा दाबलं तरी चार-पाचदा टेकते. घंटा तोवर वाजतच असते, म्हणून कळत नाही. पण मोजणी प्रत्येक टेकणं धरते. पहिल्या टेकण्यानंतर क्षणभर थांब, एवढं पेटीला सांगायचं राहिलं. अगदी नवशिक्याची चूक! पाच मिनिटांत दुरुस्त करतो. मग बघ, कशी बरोबर मोजते."

तो वायरी चाचपू लागला. त्याच्यापुरतं भांडण मिटलं होतं. बहीण पेटीपाशी आली. आतला तो पडदा ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

"बाबांना घंटा वाजवायची होती, दादा," ती म्हणाली. "मोजायची कोणाला होती?"