पिंडासमोरचा चेहरा

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

बाणगंगेच्या पायरीवर धनेशच्या दहाव्याचे पिंड मांडून झाले होते आणि कावळा शिवत नव्हता. पिंडांपासून दोन हातांवर यतीन पालथा पडला होता, डोळ्याला कॅमेरा लावून. यतीन नायगावचाच, धनेशच्या चाळीतला. नळावरची भांडणं, गॅलरीत वाळणारे पापड, असलं रोजचं टिपून त्याचं नाव झालेलं. आज तो आला शेजारधर्मानं. कॅमेरा मात्र घरी ठेववला नव्हता.

समोर धनेशची बायको, कालिंदी, हात जोडून उभी. असा चेहरा यतीनला आजवर कुठल्याच गल्लीत भेटला नव्हता.

"अहो, पोरीला शिकवीन," ती पिंडाला सांगत होती. "आईंचं औषधपाणी बघीन. घ्या ना आता."

कावळा भिंतीवर उतरला. मान तिरकी करून त्यानं भात बघितला, मग यतीनची लांबलचक लेन्स बघितली आणि उडाला. मघाशीही असंच झालं होतं. यतीनला कळलं होतं. थोडं मागे सरलं की काम होणार. पण मागून कालिंदीचे डोळे सापडत नव्हते.

"ऊन चढतंय," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा लावू का?"

"नको हो, जीव अडकून राहील त्याचा." धनेशचा थोरला भाऊ कोंडीराम पुढे झाला. "कालिंदी, चाळ पाडून टॉवरात रूम मिळणार ना, तिच्यातच अडकलाय तो. माझ्या नावावर करते म्हण. बघ येतो की नाही."

"आणि मी पोरीला घेऊन कुठं जाऊ, भावजी?"

"मी मेलोय काय? पडून राहाल की आमच्यात."

कालिंदीनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घड्याळाकडे. तिचा ओठ थरथरायला लागला. 'वहिनी, थांबा, कावळा मला बुजतोय,' एवढंच म्हणायचं होतं, यतीनच्या जिभेवर आलंही होतं. पण बोललं असतं तर तो चेहरा मोडला असता. त्यानं श्वास रोखला.

"अहो, दिली रूम," कालिंदी म्हणाली. "भावजींना दिली. आता तरी जेवा."

शटर कडकड वाजलं. मिळालं. यतीन उठला आणि फोटो बघायला लांब सावलीत गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच कावळा पिंडावर.

"बघितलंत?" कोंडीराम सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कालिंदी रडली नाही. कावळ्याचं खाऊन होईतो बघत राहिली, मग सावलीत आली.

"यतीनभाऊ, तुम्ही त्यांचे मित्र. माझ्यावर भरवसा नव्हता का हो त्यांचा?"

यतीननं लेन्सला टोपण लावलं.

"रक्ताचं नातं असतं, वहिनी."

धनेशला गती मिळाली, मायबापहो, त्याची काळजी नको. देवापुढे हात जोडाल तेव्हा कालिंदीला तेवढं आठवा. ती अजून नवऱ्यावर रुसलेली आहे.