दोनशे पन्नासच्या आत

जावयाने पिशवीतून ड्रोन काढून सोनाराच्या काट्यावर ठेवला. दोघांकडेही बोलण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे पहिलं तोंड काट्यानेच उघडलं. दोनशे एक्कावन्न ग्रॅम, आणि वर चिमूटभर.

"घरच्या काट्यावर भरवसा नव्हता," जावई म्हणाला. "वाटलं, तोच चुकत असेल."

लेकीने या फोटोवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून सोनाराने दोघांशी अबोला धरला होता. लेक असेपर्यंत तो त्यांच्या घराची पायरी चढला नाही. ती गेली त्या दिवशी चढला. त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि लग्नापासूनच्या एवढ्या वर्षांत जावई दुकानात येण्याची ही पहिलीच वेळ.

काम नातीचं होतं. दर वाढदिवसाला तिची आई मैदानावर हा ड्रोन उडवायची. पोरगी गवतात मधोमध आडवी, तिच्याभोवती मैत्रिणींचं कडं, आणि वरून एकच फोटो. उद्या वाढदिवस. यंदा काय हवं विचारलं, तर तो फोटो सोडून पोरीने दुसरं काही मागितलंच नव्हतं. पण जुनी बॅटरी फुगली होती, आणि नवी अंगाने जरा जड निघाली. दोनशे पन्नासच्या आतला ड्रोन म्हणजे खेळणं, त्याला कुणी हटकत नाही. त्याच्या वर गेला की नोंदणी आली, परवानगी आली, आणि माणसांच्या डोक्यावरून तर तो न्यायचाच नाही. मैदानाचा रखवालदार याबाबतीत भलता कडक होता. फाटकापाशी वजन केल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे.

सोनाराने भिंग डोळ्याला लावलं. दीडएक ग्रॅम कुठूनही निघेल असं त्याला वाटलं होतं. पण ड्रोनच्या अंगाची आधीच चाळण झाली होती. बोटभर जागाही भोकांवाचून राहिली नव्हती.

"ही भोकं कुणी पाडली?"

"तिनेच," जावई म्हणाला. "विकत आणला तेव्हाच दोनशे पन्नासच्या आत होता. मग कशाला पोखरतेस, म्हणून मी डोकेफोड केली. नुसती हसायची. आता काढण्यासारखं एकच राहिलंय. पोटाशी काळ्या चिकटपट्टीखाली कसलासा धातूचा तुकडा आहे. तोल राहावा म्हणून लावलाय म्हणायची. तेवढा सोडवून द्या. मी हात घातला तर एखादी वायर तुटायची."

सोनाराने चिमट्याने पट्टीचं टोक धरलं आणि हलकेच सोलत नेली. खालून चांदीचा मासा निघाला.

त्याला भिंगाची गरज पडली नाही. त्या माशाचा एकेक खवला त्याने स्वतः कोरला होता. लेकीच्या लग्नाला तो गेला नव्हता, पण बायकोच्या हातून हे लॉकेट पाठवलं होतं. मग बायको लपूनछपून फोटो आणायची, आणि तो नको नको म्हणत आधी लेकीचा गळा बघायचा. गळा कायम मोकळा. मोडून खाल्लं असेल, असं एकदा तो बायकोला म्हणालाही होता. त्यावरून ती दोन दिवस जेवली नव्हती.

पाच ग्रॅमचा मासा. त्याला जागा व्हावी म्हणून लेकीने पाच ग्रॅमची भोकं पाडली होती.

हे त्याला कळलं, आणि त्याने टेबलाची कड घट्ट धरली. बापाचं देणं तिने गळ्यात घातलं नाही, पण आपल्या लेकीच्या वाढदिवसाला दरवर्षी ते तिच्या डोक्यावर नेऊन धरलं. आणि तो इथे या काट्यासमोर ताठ बसून राहिला होता.

"हे तुमच्या हातचं?" जावयाने विचारलं.

सोनाराने मान डोलावली.

जावयाने सोललेली पट्टी बोटाने पुन्हा दाबून पाहिली. मग म्हणाला, "राहू दे तर फोटो. पुन्हा लावून टाका. पोरीला सांगेन उद्या काहीतरी."

"काय सांगशील?"



सोनाराने कोरणी घेतली. पुढून माशाला हात लावायची सोय नव्हती, खवले पातळ होते. चांदी होती ती पाठीमागे. त्याने मासा उलटा केला. तिथे दोनच अक्षरं होती, ठकू. बाहेर लेकीला कुणी या नावाने हाक मारत नसे. हे नाव फक्त त्याचं होतं, आणि अबोला धरल्यापासून त्याने ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

त्याने कोरणी टेकवली. आधी उकार गेला. मग क, मग ठ. मासा काट्यावर ठेवून पाहिला, पुन्हा उचलला, पुन्हा खरवडला. हात पन्नास वर्षांच्या सवयीचा, म्हणूनच चालला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

मासा परत पोटाशी बसवून, पट्टी दाबून त्याने ड्रोन काट्यावर ठेवला. दोनशे एकोणपन्नास. जावयाने मोठा श्वास सोडला. त्याचं अंग घामाने भिजलं होतं. तो उठला आणि भिंतीवरच्या बटणाकडे त्याने हात नेला.

सोनाराच्या पुढ्यात कागदावर चांदीचा चिमूटभर कीस पडला होता. त्यावर त्याने दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला होता.

"पंखा नको लावूस," तो म्हणाला.