आईच्या नावाचा चषक

किलरूनच्या सरोवरावर त्या दिवशी पाणमाशा एवढ्या उठल्या होत्या, की मासेमारीच्या स्पर्धेच्या होड्यांतून परतलेल्या माणसांच्या टोप्यासुद्धा त्यांनी भरून गेल्या होत्या. पिसांची नकली माशी गळाला बांधून सर्वांत मोठा ट्राउट मासा धरणाऱ्याला माझ्या आईच्या नावाचा चषक मिळायचा. ती गेल्यावर डॅडींनीच तो सुरू केला होता. यंदा त्यांचाच मासा सर्वांत जड भरला. मासे तोलायचं आणि ते सरोवरातलेच आहेत ना, हे चिरून तपासायचं काम माझं. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या मलाकीच्या माशाच्या पोटातून मूठभर पाणमाशा निघाल्या. डॅडींच्या माशातून तपकिरी, तेलकट लगदा ओघळला. त्यात टाकीत पाळलेल्या माशांना घालतात त्या खाद्याच्या गोळ्या अजून शाबूत होत्या. त्याचा वास माझ्या हातांना चिकटला. डॅडी वाकून कुजबुजले, "पाण्यात टाक ते, नूला, पटकन. तुझ्या आईचं नाव काय त्या मलाकीच्या दिवाणखान्यात मिरवायचं?" "विकतचा मासा आणलात तुम्ही?" "अगं, तिच्यासाठीच केलं ना मी!" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या लगद्यापेक्षा मला त्या डोळ्यांचीच जास्त किळस वाटली. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, डॅडींचं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "फिंटन डेव्हनी बाद. हा मासा आपल्या पाण्यातला नाही. चषक मलाकीचा." टाळी कुणीच वाजवली नाही. मलाकीनं टोपी काढली आणि खाली मान घालून चषक घेतला. काठ रिकामा झाल्यावर डॅडी म्हणाले, "चल, घरी जाऊ." "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले आणि कोपरापर्यंत हात वाळूनं घासत राहिले.