जिची कुंडी तिला

"सगळ्याच्या सगळ्या आपापल्या घरी!" मॅडमनी टाळी वाजवली. "आजही! एकीनंसुद्धा कुंडी चुकवली नाही."

काचेच्या लांबरुंद पेटीत छोट्या कुंड्या पालथ्या घातल्या होत्या. आत शिरता यावं म्हणून प्रत्येकीच्या कडेचा टवका काढलेला. कुंडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका, आणि आत झोपलेल्या गोगलगायीच्या पाठीवर त्याच रंगाचा दुसरा. लाल कुंडीत लाल, निळ्या कुंडीत निळी.

"रात्रभर उंडारतात आणि उजाडलं की आपल्या आपण घरी येतात," मॅडम त्यांच्या सीनिअर विद्यार्थ्याला सांगत होत्या. "इतकी वर्षं मी हेच म्हणतेय आणि सगळा जीवशास्त्र विभाग मला हसतोय. सोमवारी सगळ्यांसमोर मांडते. मग बघू कोण हसतं!"

दारात पाण्याची बाटली घेऊन आलेली मुलगी उंबऱ्यातच थांबली. गोगलगायींना रोज सकाळी घरी पोचवत होती ती.

मॅडमच्या प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून पहिल्या वर्षाच्या या मुलीने त्यांचा पिच्छा पुरवला होता. शेवटी एकदाची किल्ली मिळाली. देताना सीनिअर एवढंच म्हणाला, "मॅडम यायच्या आत खोली आवरून ठेवत जा." आवरणं तर तिच्या हाडीमाशी खिळलेलं. जिथली वस्तू तिथे, हे आईने कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं. पहिल्याच सकाळी, नीट उजाडायच्याही आत, येऊन बघते तर लाल काचेवर चढलेली, पिवळी निळीच्या छपरावर. बिचाऱ्या वाट चुकल्या, असं तिला वाटलं. तिने रंग जुळवून एकेकीला अलगद उचललं आणि जिची कुंडी तिला देऊन टाकली. आवरायला सोपं जावं म्हणूनच रंग दिले असतील, नाही का? प्रयोग कशाचा आहे, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

आता गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मॅडम पेटीवर वाकून गोगलगायींशी लाडाने बोलत होत्या, आणि ते तिला बघवेना.

"मॅडम, त्या परत येत नाहीत. मी ठेवते."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं.

"गोगलगाय अन् पोटात पाय!" सीनिअर पुटपुटला. तो पेटीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. मग त्यांनी फोन करून सोमवारचं व्याख्यान रद्द केलं. मुलीने टेबलावर किल्ली ठेवली आणि ती दाराकडे वळली.

"किल्ली उचल," मॅडम म्हणाल्या. "उद्या उजाडायच्या आत ये. आणि येताना हात घरी ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी दोघी पेटीसमोर बसल्या. लाल वर काचेला चिकटलेली. निळी पार पलीकडच्या कोपऱ्यात. पिवळी पुन्हा भलत्याच छपरावर. खिडकी हळूहळू उजळत होती, तरी एकही जागची हलेना. मुलीचे हात शिवशिवत होते. ते तिने मांडीखाली दाबून धरले. मॅडमच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती. एका माणसाचं इतक्या वर्षांचं काम आपण मातीत घातलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

"याच वेळी उचलते मी त्यांना," ती कुजबुजली.

"गप्प बस आणि बघ."

लालने शिंगं वळवली. मग काचेवरून खाली उतरू लागली, अगदी आपल्या खानदानी चालीने. निळीची कुंडी आली, ती ओलांडली. पिवळीची आली, तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि लाल ठिपक्याच्या कुंडीत सर्रळ आत शिरली. तोवर निळीही निघाली होती. पिवळी स्वतःच्या दारापर्यंत आली आणि काय मनात आलं कोण जाणे, माघारी वळली. मॅडमनी मुलीचं मनगट गच्च पकडलं. पिवळीने कुंडीला एक वळसा घातला आणि गेली आत.

टेबलावर ऊन आलं तेव्हा पेटीत बाहेर कोणी उरलं नव्हतं. मॅडम हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. मुलगी रडत होती आणि हसतही होती. मॅडमनी तिला जवळ ओढून तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अगं वेडे, त्या हरवल्या नव्हत्या, घरीच निघाल्या होत्या. तू रोज त्यांना अर्ध्या वाटेवरून लिफ्ट देत होतीस!"