चादरीखालचा वाइस

पाव्हणे गल्लीच्या तोंडाशी आले, तरी रूपरावांचे हात ग्रीसने काळेच होते.

"अवो, धुवा ना ते हात! पोरीले पाह्याले येऊन राह्यले लोकं, का तुमच्या लोखंडाले?" त्यांची बायको कोकिळा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

रूपराव वर्धेच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर होते. नोकरी बरी, माणूसही बरा. पण नाद वाईट. जुन्या वाइसचा नाद! वाइस म्हणजे कारखान्यात टेबलाला ठोकलेला असतो तो लोखंडी जबडा. दांडा फिरवला की आवळतो, मग त्यात धरलेली वस्तू हलत नाही. कुठे जिनिंग बंद पडलं, कुठे भंगारात गंजलेला विलायती वाइस दिसला, की रूपराव तो आंजीला, गावच्या घरी, घेऊन यायचे. आणीबाणी उठली त्या सालापासून हेच चाललं होतं. मग महिना महिना त्याच्यापुढे बसायचं. गंज खरवडायचा, आटे रॉकेलात भिजवायचे, घासायचं, पुसायचं, निळा रंग द्यायचा. आणि पुढे? पुढे काही नाही! कोपऱ्यात ठेवायचा आणि पाहत बसायचं.

कोकिळाच्या जिवाला या नादाने घोर लावला होता. रेशनचं रॉकेल स्टोव्हला मिळायचं नाही, वाइसला मिळायचं. ज्वारीच्या कोठीची जागा गेली. तिच्या पायाची बोटं ठेचून ठेचून कामातून गेली. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला निघाले, तर हा गृहस्थ वर्धेला एसटीतून उतरला, 'आलोच' म्हणाला, आणि अक्षता पडून पंगती उठल्यावर खांद्यावर वाइस घेऊन मांडवात शिरला. माहेरचे अजून हसतात. ती त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडली होती.

तेही तिने सोसलं. पण आता सुलोचनाचं लग्न अडलं होतं. दोन स्थळं येऊन गेली. एका मुलाच्या बापाचा अंगठा ठेचला, तो चहाही न पिता उठला. दुसऱ्याची आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "पोरगी चांगली हाय बाप्पा, पण हे घर हाय का भंगाराचं दुकान?" पोरगी चोविशीत आली होती. कोकिळाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

म्हणून आज तिने कंबर कसली होती. उचलता येतील तेवढे वाइस गोठ्यात नेऊन कडब्याखाली दडपले. पण ओसरीतला सगळ्यात मोठा, बाभळीच्या ठोकळ्याला बोल्ट मारून बसवलेला, तो काही केल्या हलेना. शेवटी तिने त्याच्यावर धुतलेली चादर टाकली आणि वर गणपतीचा फोटो ठेवला. देवाखालची चादर कोण उचलतं?

पाव्हणे आले. हिंगणीचे पुंडलिकराव आणि त्यांचा मुलगा दिवाकर. मुलगा बोर धरणावर मेकॅनिक. सरकारी नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही. ओसरीत आल्या आल्या देवाला नमस्कार करायला वाकला, तो वर आलाच नाही.

"काका," तो चादर चाचपत म्हणाला, "हा दांडा वाइसचा हाय ना?"

झालं! कोकिळाने आत कपाळावर हात मारून घेतला. फोटो उतरला, चादर गेली, आणि रूपराव नि दिवाकर दोघंही ठोकळ्यापुढे फतकल मारून बसले.

"आटे पाहा, आटे! एक बी घासला नाई!" रूपरावांना उकळ्या फुटत होत्या.

"माह्या घरी बी खोली भरली हाय, काका. पण असा नाई!"

सुलोचना पोहे घेऊन आली. दिवाकरने मान वर न करता बशी घेतली आणि ठोकळ्यावर ठेवून दिली. ती उभी राहिली. तिला कोणी नावसुद्धा विचारलं नाही. ती आत निघून गेली, तेही कोणाला कळलं नाही.

पुंडलिकराव मात्र खूश होते. "रूपराव, पोरगी पसंत हाय आमाले! आमच्या पोराचा हाच नाद. कोणती सून टिकन, याचीच काळजी होती मले. तुमची पोरगी तर याच्यातच वाढली. तिले सवय हाय. ती काई तोंड नाई उघडन."

कोकिळाला आकाश ठेंगणं झालं. तिने घाईघाईने साखरेचा डबा काढला. "सुले, जमलं वं माय! जमलं!"

सुलोचना चुलीपाशी बसली होती. "मले नाई करायचं," ती म्हणाली.

"काऊन? नोकरीवाला हाय, दारू नाई, बिडी नाई. आणखी काय पाह्यजे तुले?"

"आई, ज्याच्यापायी तू जिंदगीभर रडली, तसाच माह्यासाठी पाहून राह्यली?"

कोकिळा संतापली. इतक्या दिवसांनी एक स्थळ जमत होतं, आणि ही बया! पोरीला फाडून खायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ओसरीतून दिवाकरचा आवाज आला.

"बाबा, तुमी व्हा पुढं. एसटी धरा, मी आलोच. हा खोलून पाहतो मी."

कोकिळाने डब्याचं झाकण लावलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि ओसरीत आली. मुलीकडच्यांनी नकार द्यायचा, तोही बाईमाणसाने, असं आंजीत कोणी पाहिलं नव्हतं. रूपराव हसऱ्या तोंडाने तिच्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं, साखर आली.

"पाव्हणे," ती पुंडलिकरावांना म्हणाली, "वाइस आवडला असन तर आजच घेऊन जा. पोरगी नाई भेटत."